रोप लावावे पहिल्या ओलीवर



मृग जवळ आला की कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. पत्र कुठल्याही जिल्ह्याचं असो, मजकूर थोड्याफार फरकानं एकच. "बांधावर झाडं लावली. पावसाळ्यात चांगली फुटली. दिवाळीपर्यंत हिरवीगार होती. होळीला पाहिलं तर निम्मी वाळलेली, आणि पाडव्यानंतर बोटांवर मोजण्याएवढी उरली. रोपंच खराब होती, की आमच्या जमिनीत झाड होत नाही?"

बहुतेक वेळा रोपही खराब नसतं आणि जमीनही नाठाळ नसते. चुकलेला असतो तो लागवडीचा महिना. झाड लावण्याचं काम आपण पेरणी उरकल्यावर, खुरपणी झाल्यावर, हात रिकामा झाला म्हणजे करतो. तोवर श्रावण लागलेला असतो. वर पाऊस चालू असतो, म्हणून आपल्याला वाटतं अजून वेळ आहे. पण रोपाच्या दृष्टीनं निम्मा हंगाम तोवर संपलेला असतो. या पत्रकात एवढी एकच गोष्ट नीट समजून घेऊ: रोप केव्हा लावलं तर पहिला उन्हाळा ओलांडतं, आणि ती वेळ साधायची कशी.

रोप मरतं ते तहानेनं

उन्हानं रोप जळालं असं आपण म्हणतो. खरं पाहता ऊन तेच असतं. शेजारचा जुना लिंब त्याच उन्हात चैत्रात नवी पालवी काढतो आणि आपलं रोप वाळतं. फरक मुळात आहे. लिंबाची मुळं खोल ओलीत गेलेली असतात. रोपाची मुळं अजून वरच्या वीतभर मातीत अडकलेली असतात.

पिशवीतल्या रोपाचा विचार करा. रोपवाटिकेत त्याला रोज झारीनं पाणी मिळालेलं असतं. तांब्याभर मातीत त्याची सगळी मुळं कोंडलेली असतात. ते रोप शेतात लावलं म्हणजे लगेच जमिनीचं झालं असं नाही. पिशवीच्या मातीतून मूळ बाहेर निघायला हवं, शेजारच्या मातीत शिरायला हवं, आणि मग खाली उतरायला हवं. या कामाला दिवस लागतात, आणि ते दिवस ओले असावे लागतात. कोरड्या मातीत मूळ शिरत नाही.

दुसरीकडे, पानं रोज पाणी बाहेर टाकत असतात. ऊन आणि वारा वाढला की जास्त टाकतात. मुळानं जेवढं ओढलं त्यापेक्षा पानांनी जास्त टाकलं की रोप आधी मान टाकतं, मग वाळतं.

आता जमिनीकडे पाहा. पाऊस संपला की जमीन वरून खाली वाळत जाते. कार्तिकात वरची चार बोटं कोरडी, पौषात वीतभर, फाल्गुनात हातभर. पण त्याच्या खाली ओल टिकून असते. म्हणजे ओल खाली सरकत असते आणि मुळाला तिच्या मागोमाग खाली जायचं असतं. ज्या रोपाचं मूळ ओलीच्या आधी खाली पोचलं, ते रोप जगलं. ज्याचं मागं पडलं, ते गेलं. पहिल्या वर्षाची सगळी शर्यत ही एवढीच आहे.

दिवसांचा हिशोब करून पाहा

एका शेतकऱ्यानं १५ जूनला रोप लावलं आणि दुसऱ्यानं १५ ऑगस्टला. पाऊस साधारण १० ऑक्टोबरला सरला असं धरू. पहिल्याच्या रोपाला ओल्या जमिनीत ११७ दिवस मिळाले. दुसऱ्याच्या रोपाला ५६. निम्म्याहूनही कमी. रोप एकाच वाफ्यातलं, खड्डा तेवढाच, खत तेवढंच. तरी एकाच्या मुळाला चार महिने आणि दुसऱ्याच्या मुळाला दोन महिने.

त्यातले पहिले दोन-तीन आठवडे रोप नव्या जागेत सावरण्यात घालवतं. ते वजा केले तर उशिरा लावलेल्या रोपाच्या हातात सव्वा-दीड महिनाच उरतो. पुढं थंडी पडली की बहुतेक झाडांची वाढ मंदावते. त्यामुळे हिवाळ्यात भर निघत नाही.

वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात का असतो, हेही यावरून कळेल. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी तो सुरू केला. पावसाच्या तोंडाशी रोप लागलं तर मुळाला पुढचा सगळा पावसाळा मिळतो. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीपुढं झाड लावण्याची रीत चांगलीच आहे. मात्र तिथं उन्हाळाभर पाणी घालणारं कुणीतरी असतं. माळावरच्या बांधाला तसं कुणी नसतं, हे विसरू नये.

थंड मुलखातले शेतकरी काय करतात

हाच नियम दुसऱ्या मुलखात कसा लागू पडतो ते पाहिलं की तो पक्का ध्यानात राहतो. नाताळात गोव्याकडे सुरूचं झाड किंवा फांदी सजवलेली तुम्ही पाहिली असेल. अमेरिकेत नाताळसाठी फर जातीची झाडं मुद्दाम शेतात वाढवतात. पश्चिम किनाऱ्यावरचं ऑरेगन राज्य त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते झाड विक्रीजोगं व्हायला सहा-सात ते दहा वर्षं लागतात. म्हणजे त्यांचंही पहिल्या वर्षी मेलेलं रोप एका वर्षाचा तोटा करून जातं.

त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. बरेच जण हिवाळा सरताना लागवड करतात. पण काही शेतकरी थंडी सुरू होण्याच्या आधी, शरद ऋतूतच रोपं लावून मोकळे होतात. त्यांचं म्हणणं असं, की त्या वेळी हवा गार झालेली असते, रोपाचा शेंडा थांबलेला असतो, पण जमीन अजून उबदार असते. शेंड्याची तहान कमी आणि मुळाचं काम चालू. पुढं हिवाळ्याचा पाऊस आणि वसंताची ओल मिळून उन्हाळ्याच्या आत मूळ पक्कं होतं. यात एक धोकाही आहे. भारी जमिनीत पाणी गोठून माती फुगते आणि कोवळं रोप वर उचललं जातं. म्हणून तशा जमिनीत ते शरदात लावत नाहीत.

त्यांचा शरद म्हणजे आपला आश्विन-कार्तिक. मग आपणही आश्विनात लावावं का? नाही. त्यांच्याकडे शरदानंतर पाऊस येतो, आपल्याकडे शरदानंतर पाऊस जातो. नियम एकच आहे: कोरडे दिवस येण्याच्या आधी मुळाला जास्तीत जास्त ओले दिवस मिळाले पाहिजेत. तो नियम त्यांच्या पंचांगात शरदावर येतो आणि आपल्या पंचांगात मृग-आर्द्रेवर.

लवकर म्हणजे नेमकं केव्हा

लवकर म्हणजे पहिल्या सरीला नव्हे. वळवाचा पाऊस झाला, मातीचा वास सुटला, की हात शिवशिवतात. पण वळवाच्या ओलीवर लावलेलं रोप आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तर करपतं. मृग सुरू झाल्यावरही पावसानं ओढ दिल्याची उदाहरणं आपल्याला नवी नाहीत.

म्हणून तारखेपेक्षा जमिनीला विचारा. भरून ठेवलेल्या खड्ड्याशेजारी कुदळीचे चार घाव घाला. दीड वीत खोलपर्यंत माती ओली लागली आणि मुठीत दाबल्यावर तिचा लाडू झाला, तर लागवडीला हरकत नाही. वरची चार बोटं ओली आणि खाली फुफाटा असेल तर थांबा. आकाशवाणीवरून हवामान खात्याचा अंदाज ऐका. पुढचे चार दिवस पावसाचे असतील तर उत्तम. दिवस ढगाळ असावा. ऊन असेल तर दुपार टळल्यावर लावावं, म्हणजे रोपाला रात्र मिळते.

मृगात साधलं तर छान. नाहीतर आर्द्रेत लावावं. पुनर्वसूच्या तरण्या पावसात लावलं तरी चालेल. पुष्याच्या म्हाताऱ्या पावसापर्यंत मेलेल्या रोपांच्या नांग्या भरून घ्याव्यात. त्यापुढं कोरडवाहू बांधावर नवी लागवड करू नये. उरलेली रोपं घरी सांभाळून पुढच्या मृगाला लावलेली बरी. फक्त त्यांना मोठ्या पिशवीत बदला, नाहीतर मुळं गुंडाळली जातात.

आपापल्या मुलखाप्रमाणे

कोकणात आणि घाटमाथ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. तिथं ओलीची काळजी नाही, पाणी साचण्याची आहे. आषाढाची झड लागायच्या आत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागवड उरकावी. रोपाभोवती मातीचा उंचवटा करावा, म्हणजे बुंध्याशी पाणी राहत नाही. सखल, पाणथळ जागी मात्र पाऊस ओसरल्यावर लावावं आणि उन्हाळ्यात पाण्याची सोय ठेवावी.

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या भारी जमिनीत वाफसा पाहून लावावं. चिखलात रोप खोचलं तर भोवतालची माती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते आणि मूळ बाहेर पडत नाही. या जमिनीला पुढं भेगा पडतात. भेग रोपाच्या खड्ड्यातून गेली तर मुळं तुटतात आणि खालची ओल भेगेवाटे उडून जाते. त्याचा उपाय पुढं दिला आहे.

सोलापूर, माण-खटाव, आटपाडी या अवर्षणाच्या पट्ट्यात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. जूनमध्ये थोडा पडतो आणि मध्ये मोठी उघडीप असते. इथं पहिली पुरेशी ओल मिळताच लावावं आणि मधल्या उघडिपीत दोन-तीन वेळा हातानं पाणी घालायची तयारी ठेवावी. तेवढं निभावलं की उत्तरा-हस्ताचा पाऊस रोपाला तयार मूळ घेऊन भेटतो. उताराच्या बाजूनं रोपाभोवती अर्धचंद्रासारखा छोटा बांध घालावा, म्हणजे वरून वाहत आलेलं पाणी रोपाशी जिरतं.

जूनमध्ये सवड कुठली?

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, सांगायला सोपं आहे. मृगात आम्हाला डोकं खाजवायला सवड नसते. बैल पेरणीला, माणसं पेरणीला, झाडं कोण लावणार?"

ही अडचण खरी आहे, आणि लागवड श्रावणावर जाते ती यामुळेच. उपाय असा, की झाड लावण्याचं नव्वद टक्के काम उन्हाळ्यातच करून ठेवायचं. वेळ खातो तो खड्डा. खड्डा तयार असला की रोप लावायला पाच मिनिटं पुरतात. पन्नास रोपांना दोन माणसांची एक सकाळ किंवा संध्याकाळ. पेरणीला वाफसा नाही म्हणून तिफण उभी असते, अशा एखाद्या दिवशी हे काम होऊन जातं.

खड्डे चैत्र-वैशाखात घ्यावेत. बांधावरच्या लिंब, चिंच, साग, करंज अशा झाडांना दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. आंब्यासारख्या फळझाडाला, विशेषतः मुरमाड जमिनीत, तीन फुटांचा घ्यावा. वरची चांगली माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकावा. खड्डा तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यावा. त्यानं किडींची अंडी आणि हुमणी मरायला मदत होते.

वळवाचा पाऊस यायच्या आत खड्डा भरून ठेवावा. वरच्या मातीत एक-दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळावं. वाळवीचा त्रास असेल तर ओंजळ-दोन ओंजळी निंबोळी पेंड घालावी. कच्चं शेण घालू नये, त्यानं वाळवी येते. भरताना माती जमिनीपेक्षा चार बोटं वर ठेवावी, कारण पावसानं ती बसते. मधोमध एक काठी रोवून ठेवावी. मृगात फक्त काठी उपटायची आणि तिथं रोप बसवायचं.

उंच रोप म्हणजे चांगलं रोप नव्हे

रोपांची मागणी उन्हाळ्यातच नोंदवा. जवळच्या सामाजिक वनीकरणाच्या किंवा कृषी खात्याच्या रोपवाटिकेत चौकशी करा. जुलैत गेलं की मागं राहिलेली रोपं मिळतात.

निवडताना उंचीला भुलू नका. सावलीत वाढलेलं तीन-चार फुटी लुसलुशीत रोप दिसायला छान, पण त्याला पानं फार आणि मूळ थोडं. एक ते दोन फूट उंच, पेन्सिलीएवढ्या जाड बुंध्याचं, निबर झालेलं रोप घ्यावं. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर ते रोप टाळावं. ते उपटताना मुख्य मूळ तुटतं.

रोपं पाऊस सुरू होण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी घरी आणावीत. आधी झाडाच्या विरळ सावलीत ठेवावीत, मग हळूहळू उन्हात काढावीत. पाणी रोजचं कमी करत एका दिवसाआड करावं. माहेरच्या लाडातून रोपाला सासरची सवय होऊ द्यावी, म्हणजे शेतात गेल्यावर ते दचकत नाही. उचलताना पिशवी धरावी, बुंधा धरून लोंबकळवू नये.

लावताना चार गोष्टी

पहिली, पिशवी काढलीच पाहिजे. ब्लेडनं एका बाजूनं चिरून मातीचा गोळा न फोडता काढावी. पिशवीसकट पुरलेल्या रोपाची मुळं आतल्या आत फिरतात. काढलेल्या पिशव्या गोळा करून आणाव्यात. शेतात टाकल्या तर जनावरांच्या पोटात जातात.

दुसरी, तळाशी मुळांची चुंबळ झाली असेल तर ती धारदार चाकूनं कापून टाकावी. वाकडं गेलेलं मूळ आपणहून सरळ होत नाही.

तिसरी, रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच जमिनीत खोल बसवावं. कलम असेल तर जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे.

चौथी, माती टाकून पायानं चांगली दाबावी. पोकळी राहिली तर तिथं मूळ हवेत लोंबतं आणि वाळतं. दाबल्यावर रोपाचं एक पान धरून हलकंच ओढावं. पान तुटलं आणि रोप हाललं नाही, तर लागवड पक्की.

सागाची रीत थोडी वेगळी आहे. सागाचं वर्षभराचं रोप उपटून, शेंडा बोटभर ठेवून छाटतात. मूळ वीतभर ठेवतात. त्याला जडी म्हणतात. अंगठ्याएवढी जाड जडी चांगली. तिला पानं नसतात म्हणून तहान कमी, आणि जाड मुळात अन्न साठवलेलं असतं. पाऊस सुरू होताच पहारीनं सरळ भोक पाडून जडी उभी बसवावी. कापलेलं टोक जमिनीच्या बरोबरीला ठेवावं आणि बाजूनं पहार मारून माती घट्ट करावी. आणलेल्या जड्या ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवाव्यात आणि लवकरात लवकर लावाव्यात.

ऑक्टोबरचं काम विसरू नका

रोप लावलं की आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो. पावसाळ्यात गवत माजतं आणि रोपाच्या वाट्याची ओल पिऊन टाकतं. ऑगस्टमध्ये एकदा आणि पाऊस संपता संपता एकदा, रोपाभोवती दीड-दोन हात जागा खुरप्यानं स्वच्छ करावी.

ऑक्टोबरचं काम सर्वांत मोलाचं. पाऊस गेला, ऊन चटकायला लागलं, की रोपाभोवतीची माती तीन-चार बोटं हलवून भुसभुशीत करावी. रब्बी ज्वारीला आपण कोरड्यात कोळपे घालतो ते कशासाठी? भेगा बुजाव्यात आणि ओल उडू नये म्हणून. तीच युक्ती रोपाला करायची. काळ्या जमिनीत हे काम दर महिन्याला एकदा, फाल्गुनापर्यंत करावं.

माती हलवल्यावर गोल आळं करून त्यात चार बोटं जाड पालापाचोळा, गवत किंवा पाचट पसरावं. बुंध्यापासून मात्र चार बोटं लांब ठेवावं, नाहीतर वाळवी बुंध्याला लागते. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा आडोसा उभा केला तर दुपारचं ऊन अडतं. शेळ्यांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच. एक शेळी एका मिनिटात वर्षाची मेहनत खाऊन जाते. गवताळ माळावर माघातच रोपांच्या बाहेरून चार-पाच हात रुंद पट्टा साफ करावा, म्हणजे वणवा आत येत नाही.

पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं?

विहिरीला बारमाही पाणी असणाऱ्यानं हस्त-चित्रात रोपं लावली तरी चालतात. भारी जमिनीत तर ते सोयीचंही असतं. पण पाण्याचा हिशोब आधी करावा.

समजा १०० रोपं आहेत. हस्ताच्या शेवटी लावली, तर मूळ वरच असल्यामुळं नोव्हेंबरपासून मेअखेर दर आठवड्याला पाणी द्यावं लागेल. आठवडे ३०. एका वेळी रोपाला १० लिटर धरले तर झाले ३०,००० लिटर. पंधरा लिटरच्या घागरीनं मोजलं तर २,००० घागरी. तीच रोपं मृगात लावली असती आणि ऑक्टोबरचं काम केलं असतं, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेर पंधरा दिवसांनी एकदा, म्हणजे आठ वेळा पाणी धरू. ८,००० लिटर झालं, सव्वापाचशेच्या थोड्या वर घागरी.

नळी पोचत नाही अशा बांधावर या घागरी बहुतेक घरच्या बायांच्या डोक्यावरून जातात. प्यायच्या पाण्याचीच जिथं ओढ, तिथं दोन हजार घागरी कुठून आणायच्या? मग रोपं वाळतात आणि दोष नशिबाला जातो. लागवड चार महिने आधी केली तर उरलेल्या दीड हजार घागरी पाऊसच वाहून आणतो.

जिथं पाणी थोडं आहे तिथं मडक्याची युक्ती करावी. जुन्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घालावी. मडकं रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावं, भरावं आणि झाकणी ठेवावी. पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं आणि मूळ खाली ओढलं जातं. वरवर शिंपडलेल्या तांब्याभर पाण्यानं उलट होतं, मुळं ओलीच्या आशेनं वरच पसरतात. पाणी द्यायचं तर थोड्या वेळा पण पोटभर द्यावं.

मेलेलं रोप उपटून पाहा

इतकं करूनही काही रोपं जातातच. शंभराला दहा रोपं जादा आणून घरी ठेवावीत आणि जुलैअखेर नांग्या भराव्यात. पण मेलेलं रोप तसंच फेकू नये. ते हळूच खणून मूळ पाहावं. ते तुम्हाला कारण सांगतं.

मुळांचा गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा असेल आणि एकही मूळ बाहेर गेलेलं नसेल, तर लागवड उशिरा झाली किंवा पिशवी राहून गेली. मुळं काळी, मऊ आणि घाण वासाची असतील, तर पाणी साचलं. मुळाची साल कुरतडून मातीचे थर चढलेले असतील, तर वाळवी. बुंध्याशी मूळ वेटोळं झालेलं असेल, तर रोप पिशवीत जास्त दिवस राहिलेलं होतं. मुळं चांगली खोल गेली आहेत पण शेंडा खुडलेला आहे, तर शेळी. अशा रोपाला मात्र टाकू नका. कुंपण घाला, पावसाला ते पुन्हा फुटतं.

दर वर्षी दहा-वीस रोपं अशी पाहिलीत तर तुमच्या जमिनीत काय चुकतं हे तुम्हाला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त कळेल.

बियांपासून लावलेल्या चिंचेला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात. सागाला तर पिढी लागते. पहिल्या उन्हाळ्यात मेलेलं रोप थोडक्या पैशांचं असेल, पण त्याच्याबरोबर एक वर्ष जातं, आणि ते विकत मिळत नाही. माणसाचा हुरूपही जातो. दोनदा झाडं वाळली की तिसऱ्यांदा कुणी खड्डा खणत नाही, आणि बांध उघडाच राहतो.

थोडक्यात ध्यानात ठेवा

चैत्र-वैशाख: खड्डे खणा, तापू द्या, रोपांची मागणी नोंदवा.

वळवाच्या आधी: खड्डे भरा, काठी रोवा, रोपं घरी आणून उन्हाची सवय लावा.

मृग-आर्द्रा: दीड वीत ओल पाहून, ढगाळ दिवशी लावा. पिशवी काढा, माती दाबा.

पुष्यापर्यंत: नांग्या भरा. त्यापुढं पाण्याची सोय नसेल तर नवी लागवड नको.

ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर: खुरपणी करा.

ऑक्टोबर: माती हलवा, आळं करा, पाचोळा पसरा, आडोसा आणि कुंपण करा.

फेब्रुवारी ते मे: थोड्या वेळा पण पोटभर पाणी द्या.

यंदा पाचशे रोपांचा संकल्प नको. पंचवीसच लावा, पण मृगाच्या ओलीवर लावा. पुढच्या मृगाला मोजा आणि किती जगली ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा. राम राम.